आईला कोणी विचारले?

आपल्याकडे मूल आजारी पडून इस्पितळात दाखल झाले, की त्याच्याबरोबर आईही दाखल होते. नोंदवहीत नाव एकाचेच लागते, पण खाटेखाली वळकटी येते ती आईची. मागोमाग आजी येते, डबा घेऊन काका येतो, मामा मोसंबी घेऊन येतो. आणि ‘एकानेच थांबा, बाकीच्यांनी बाहेर जा’ असे सांगून सांगून परिचारिकेचा घसा कोरडा पडतो. ही गोष्ट आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे, की तिच्यामागे काही इतिहास असेल असे कोणाच्या मनातही येत नाही.

परंतु आईने आजारी मुलाजवळ बसावे की बसू नये, या साध्या प्रश्नावर इंग्लंडसारख्या पुढारलेल्या देशात कित्येक वर्षे वाद झाला. मुलाची शुश्रूषा कशी झाली हे त्याच्या आईबापांना विचारावे, आणि त्यांचे उत्तर नीट मोजून ठेवावे, या आजच्या शास्त्राची मुळे शोधू लागले तर ती पुष्कळ अंशी त्याच वादात सापडतात. दिवाळीच्या दिवसांत इस्पितळाचा विषय कशाला, असे कोणी म्हणेल. पण ज्या घरातले मूल पावसाळ्यातल्या दुखण्यातून उठून आज अंगणात फुलबाजी धरून उभे आहे, त्या घराला तरी हा विषय परका वाटू नये.

१९४९ सालच्या सुमाराची लंडनमधील नामांकित इस्पितळांच्या भेटीच्या वेळांची एक यादी आहे. ती वाचताना आपला आपल्या डोळ्यांवर विश्वास बसत नाही. गाईज इस्पितळात मुलांना भेटण्याची वेळ होती रविवारी दुपारी २ ते ४. सेंट बार्थोलोम्यूजमध्ये बुधवारी २ ते ३॥. चेरिंग क्रॉसमध्ये रविवारी ३ ते ४. म्हणजे आठवड्याच्या १६८ तासांतला एक तास. वेस्ट लंडन इस्पितळात भेट मुळीच नाही. लंडन हॉस्पिटलमध्ये तीन वर्षांखालील मुलांना भेटता येत नसे, परंतु आडभिंतीच्या काचेतून त्यांना पाहण्यास आईबापांना परवानगी होती. आणि सेंट टॉमसमध्ये पहिला महिनाभर भेट बंद. मात्र संध्याकाळी ७ ते ८ या वेळात, मूल झोपलेले असताना, आईबापांनी येऊन त्याला पाहून जाण्यास हरकत नव्हती.

झोपलेले असताना! जागे असेल तर ते आईला पाहील, आणि पाहील तर रडेल, म्हणून. हा नियम करणारी माणसे दुष्ट नव्हती, हे ध्यानात घेतले पाहिजे. त्यांतील पुष्कळांनी आपले आयुष्य मुलांचे प्राण वाचविण्यात घालविले होते. मग असा नियम त्यांनी का केला?

त्यासाठी थोडे मागे गेले पाहिजे. १७६९ साली जॉर्ज आर्मस्ट्राँग नावाच्या डॉक्टराने लंडनमध्ये गरिबांच्या मुलांसाठी एक दवाखाना उघडला. तेथे औषध मिळे, पण खाटा नव्हत्या. मुलांसाठी निवासी इस्पितळ काढण्याची सूचना पुढे आली तेव्हा याच गृहस्थाने तिला विरोध केला. आजारी मूल आईपासून तोडले तर त्याचे काळीजच फुटेल, असे त्याचे म्हणणे होते. आणि मुलाबरोबर आईलाही ठेवावयाचे म्हटले, तर वॉर्डात बायकांचीच गर्दी होऊन बसेल, अशी त्याला भीती वाटत होती. म्हणजे पुढे जो पेच पडावयाचा होता, तो या माणसाने आधीच ओळखला होता.

पण काळ थांबला नाही. १८०२ साली पॅरिसमध्ये मुलांचे स्वतंत्र इस्पितळ निघाले. पन्नास वर्षांनी, १८५२ च्या फेब्रुवारीत, डॉ. चार्ल्स वेस्ट यांच्या खटपटीने लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीटवर दहा खाटांचे इस्पितळ सुरू झाले. त्यासाठी चार्ल्स डिकन्सने लेखणी झिजविली, आणि १८५८ साली भाषण करून व आपली नाताळची प्रसिद्ध कथा स्वतः वाचून दाखवून त्याने इस्पितळाला पैसा मिळवून दिला. गरिबांच्या अंधाऱ्या खोल्यांत जी मुले पटापट मरत होती, त्यांना येथे स्वच्छ चादर, दूध आणि डॉक्टर मिळू लागले. हे उपकार लहान नव्हते.

मात्र उपकारांबरोबर नियमही आले. घटसर्प, गोवर, डांग्या खोकला, लाल ताप हे रोग एका मुलाकडून दुसऱ्याकडे जात, आणि पेनिसिलिन अजून फार दूर होते. बाहेरून येणारी आई पदराआडून रोग घेऊन येईल ही भीती अगदीच खोटी नव्हती. पण हळूहळू दुसरे एक कारण त्याला येऊन मिळाले. भेटीचा वार आला की वॉर्डात रडारड होई. आई निघाली की मूल गज धरून टाहो फोडी आणि मग रात्रभर सर्वांची झोप मोडे. भेट नसलेल्या दिवशी मात्र वॉर्ड शांत असे. यावरून शुश्रूषा करणाऱ्यांनी निष्कर्ष काढला, की भेटीमुळे मुलांना त्रास होतो. पहिले दोनचार दिवस मूल रडते, मग ‘रुळते’. रुळलेल्या मुलाला उगीच ढवळू नये.

दुसरा पुरावा आईबापांचा. मूल बरे होऊन घरी जावयास निघाले, की आई परिचारिकेचे हात हातात घेई आणि तिच्या डोळ्यांत पाणी उभे राही. तक्रार कोणीच करीत नसे. तेव्हा आईबापही समाधानी आहेत, हे उघडच होते!

अशी ही दोन प्रमाणे: मूल गप्प आहे, आणि आई आभार मानीत आहे. या दोन प्रमाणांवर सारी व्यवस्था निर्धास्त उभी होती. ही दोन्ही प्रमाणे फसवी आहेत, हे कळावयास फार काळ जावा लागला.

पहिला तडा दिला तो इस्पितळाच्या आतल्याच काही माणसांनी. इंग्लंडच्या उत्तरेस न्यूकॅसल येथे जेम्स स्पेन्स नावाचे बालरोगतज्ज्ञ होते. १९२५ पासून त्यांनी तेथल्या बाळांच्या इस्पितळात आईलाही मुलाबरोबर ठेवून घेण्यास सुरुवात केली. आजारी मुलाची शुश्रूषा बहुतांशी आईनेच करावी, परिचारिकेने तिला मदत करावी, अशी ती पद्धत होती. जगाच्या दुसऱ्या टोकाला, न्यूझीलंडमध्ये, १९४० नंतरच्या काळात पिकरिल पतिपत्नींनी हेच केले. हे दोघे दुभंगलेले ओठ आणि टाळू शिवणारे शल्यविशारद. वॉर्डात एकाच परिचारिकेने दहा बाळांना हाताळले की एकाचा जंतू दहांना जातो, हे त्यांनी ओळखले. आणि प्रत्येक बाळाला फक्त त्याच्या आईनेच हाताळावे असा प्रघात घातला. संसर्ग अगदी कमी झाला. म्हणजे ज्या संसर्गाच्या भीतीने आईला दाराबाहेर ठेवले होते, त्याच संसर्गावर आई हाच उपाय ठरला. एवढे होऊनही, स्पेन्स यांची रीत पुढे वीस वर्षे एक चमत्कारिक अपवाद म्हणूनच राहिली.

याच सुमारास या कथेत एक असा माणूस येतो, की जो डॉक्टरही नव्हता आणि अधिकारीही नव्हता. जेम्स रॉबर्टसन याचा जन्म १९११ साली स्कॉटलंडमध्ये, ग्लासगो शहरालगत, एका कष्टकरी कुटुंबात झाला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आना फ्रॉइड यांनी लंडनच्या हॅम्पस्टेड भागात युद्धामुळे घर सुटलेल्या मुलांसाठी बालगृहे चालविली होती. तेथे रॉबर्टसन बंब पेटविणे, डागडुजी करणे अशी कामे करी. त्या बालगृहाचा एक दंडक होता: काम कोणतेही असो, प्रत्येकाने मुलांबद्दल जे प्रत्यक्ष दिसेल ते कागदावर टिपून ठेवावयाचे. मत नव्हे, दिसेल ते. बंबवाल्याला लागलेली ही सवय पुढे इतिहास घडविणार होती.

युद्धानंतर, १९४८ साली, मानसशास्त्रज्ञ जॉन बोल्बी यांनी त्याला आपल्या हाताखाली घेतले आणि इस्पितळातल्या मुलांचे निरीक्षण करण्यास धाडले. रॉबर्टसन वॉर्डात गेला आणि नुसता बसून राहिला. यात नवे ते काय, असे वाटेल. पण वॉर्डात दिवसभर एका मुलाजवळ बसणारे माणूसच नव्हते! डॉक्टर फेरीला येत आणि पाच मिनिटांत पुढे जात. परिचारिकांची कामे वाटलेली. एक जण ताप पाही, दुसरी अंग पुसी, तिसरी भरवी. प्रत्येकीने मुलाचा एकेक तुकडा पाहिलेला. सबंध दिवस कोणीच पाहिलेला नाही. रॉबर्टसनने तो पाहिला, आणि त्याला दिसले ते असे. पहिल्यांदा मूल आक्रोश करते, आईला हाका मारते. मग ते निराश होऊन मुकाट पडून राहते. आणि शेवटी ते खेळू लागते, कोणाही परिचारिकेकडे जाते, खाऊ घेते. पण आई भेटीला आली तर तिच्याकडे परक्यासारखे पाहते, किंवा तोंड फिरविते. वॉर्डाच्या भाषेत यालाच ‘रुळले’ म्हणत. रॉबर्टसनला वाटले, हे रुळणे नव्हे. या मुलाने आशा सोडली आहे.

त्याचे हे म्हणणे वैद्यकीय मंडळींना पटेना. तेव्हा त्याने ते दाखवावयाचे ठरविले. चित्रपटाचा कॅमेरा त्याने पूर्वी कधी हातात धरलेला नव्हता. तरीही एक कॅमेरा मिळवून त्याने अडीच वर्षांच्या एका मुलीच्या इस्पितळातल्या आठ दिवसांचे चित्रण केले. बेंबीच्या साध्या हर्नियाची शस्त्रक्रिया होती. मूल मुद्दाम रडके निवडले असा आरोप येऊ नये म्हणून त्याने ते यादीतून चिठ्ठी काढावी तसे निवडले. दुःखाचेच क्षण टिपले असे कोणी म्हणू नये म्हणून रोज ठरावीक वेळीच चित्रण केले, आणि भिंतीवरचे घड्याळ चित्रात दिसेल अशी व्यवस्था ठेवली. योगायोग असा, की चिठ्ठीत निघालेली मुलगी वयाच्या मानाने फारच समजूतदार होती. ती आकांत करीत नाही. ती ओठ आवळून आवंढा गिळते, आणि मधूनच, अगदी हळू, आई कोठे आहे म्हणून विचारते. मोठ्याने रडणाऱ्या मुलाकडे पाहून कदाचित प्रेक्षकांनी मान फिरविली असती. या न रडणाऱ्या मुलीकडे पाहून ती फिरविता येईना.

‘दोन वर्षांचे मूल इस्पितळात जाते’ अशा अर्थाचे नाव असलेला हा चित्रपट १९५२ च्या नोव्हेंबरात लंडनच्या रॉयल सोसायटी ऑफ मेडिसिनमध्ये दाखविण्यात आला. सभेत डॉक्टर आणि परिचारिका संतापल्या. हे मूलच नमुनेदार नाही, हा आमच्या व्यवसायावर आळ आहे, असे बोल उठले. आणि एक आक्षेप असा निघाला, की आमच्या वॉर्डातल्या आईबापांची तर कधीच तक्रार नसते! डर्मॉड मॅकार्थी नावाचे एक बालरोगतज्ज्ञही त्या दिवशी असेच चिडले होते. पण आपल्या वॉर्डात परतल्यावर त्यांना जी दृश्ये रोज दिसत होती तीच निराळी दिसू लागली. पुढे त्यांनी ॲमरशॅम येथील आपल्या वॉर्डात आयांना मुलांबरोबर राहण्यास बोलाविले. आणि १९५८ साली रॉबर्टसनने आपला दुसरा चित्रपट तेथेच घेतला. त्यात मुलाबरोबर आईही इस्पितळात येते.

दरम्यान सरकारलाही जाग आली होती. १९५६ साली सर हॅरी प्लॅट यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमण्यात आली, आणि १९५९ साली तिचा अहवाल प्रसिद्ध झाला. त्यात पंचावन्न शिफारशी होत्या. आईबापांना भेटीस वेळेचे बंधन नसावे. लहान मुलाबरोबर, विशेषतः ते पाच वर्षांखालील असेल तर, आईला राहू द्यावे. मुलांना प्रौढांच्या वॉर्डात ठेवू नये. अशा त्यांतल्या मुख्य. सरकारने शिफारशी मान्य केल्या. आता प्रश्न मिटला, असे वाटावे.

तो मिटला नाही. कागद एक बोलत होता आणि वॉर्डाचे दार दुसरे. अहवाल लंडनमध्ये छापून निघाला होता. पण भेटीच्या वेळेची पाटी ज्या खिळ्यावर टांगलेली, तेथेच ती होती. अशा वेळी रॉबर्टसनने दुसरी एक साधी गोष्ट केली. १९६१ च्या आरंभी वर्तमानपत्रातून आणि बीबीसीच्या दूरचित्रवाणीवरून त्याने आईबापांना आवाहन केले, की तुमचे मूल इस्पितळात होते तेव्हा काय घडले ते मला लिहून कळवा.

शेकडो पत्रे आली. त्यांतून निवड करून १९६२ साली त्याने एक पुस्तक सिद्ध केले. आईबापांच्या दृष्टीतून इस्पितळ आणि मुले, असा त्याचा विषय. जी आई वॉर्डातून निघताना आभार मानून गेली होती, तीच आता स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून लिहीत होती. तिच्या आभारांत खोटे काही नव्हते. मुलाचा जीव वाचला होता. पण आभाराखाली आणखी पुष्कळ काही दडपलेले होते. आपण काही बोललो तर आपल्या पाठीमागे मुलाचे हाल होतील, ही धास्ती होती. मोठ्या डॉक्टरांपुढे आपण अडाणी, ही लाज होती. घरी आल्यावर रात्री दचकून उठणाऱ्या, क्षणभरही आईचा पदर न सोडणाऱ्या मुलाची हकीगत होती. काही पत्रांत चांगल्या वॉर्डांचे वर्णनही होते, हे सांगितले पाहिजे. जेथे आईला येऊ दिले तेथे सारे कसे सुरळीत झाले, याचे. आईबापांचे समाधान हे केवळ सौजन्याचे बोल नसून तो इस्पितळाबद्दलचा पुरावा आहे, आणि तो विचारल्याखेरीज मिळत नाही, हे या पत्रांनी दाखवून दिले.

त्याच वर्षी, १९६१ साली, लंडनच्या बॅटरसी भागातल्या काही तरुण आया एकत्र आल्या. त्यांनी एक संघटना काढली, आणि प्लॅट अहवाल कोठे पाळला जातो, कोठे नाही, याची चौकशी आरंभिली. तिच्या शाखा देशभर पसरल्या. सरकारी अहवालाने जे झाले नाही, ते पुष्कळ अंशी या बायकांच्या चिकाटीने झाले. इस्पितळांची दारे एकेक करून उघडली. पण त्याला आणखी वीसपंचवीस वर्षे लागली.

येथून पुढे मोजमापाचा अध्याय सुरू होतो. १९६६ साली अमेरिकेत आव्हेदिस डोनाबेदियन या विद्वानाने वैद्यकीय सेवेचा दर्जा कसा तपासावा यावर एक निबंध लिहिला. हे गृहस्थ जन्माने बैरुतचे, वंशाने आर्मेनियन. त्यांनी तीन गोष्टी पाहावयास सांगितल्या: इस्पितळापाशी साधने काय आहेत, तेथे प्रत्यक्ष काय केले जाते, आणि त्याचे फळ काय मिळते. रोग्याचे समाधान हेही त्या फळांपैकीच एक, असे त्यांचे मत होते. मग प्रश्नावल्या निघाल्या. ‘आमच्या सेवेबद्दल आपण कितपत समाधानी आहात?’ असे विचारून खाली चारपाच चौकटी आखलेल्या. आईबाप खूण करीत: ‘फार समाधानी’.

आणि येथे एक गंमत झाली. जवळजवळ सगळेच समाधानी निघू लागले! चांगले इस्पितळ असो की सुमार, गुण वरच्याच टोकाला. ज्या तराजूत मूठभर आणि मणभर सारखेच भरते त्याचा व्यापाऱ्याला काय उपयोग? पण याचे कारण आपल्याला आता ठाऊक आहे. ‘समाधानी आहात का?’ हा प्रश्न कानावर पडला की आईच्या मनात उभे राहते ते बरे झालेले मूल, आणि ती आभार मानून मोकळी होते. वॉर्डाच्या दारातले जुने आभारच कागदावर उतरत होते. प्रश्न विचारला खरा, पण उत्तर ऐकण्याची रीत अजून सापडली नव्हती.

ती सापडली रॉबर्टसनच्याच वाटेने: मत विचारू नये, घडले काय ते विचारावे. १९८६ नंतर बोस्टनमध्ये हार्वे पिकर या गृहस्थाच्या पुढाकाराने सुरू झालेल्या कामात ही दिशा स्पष्ट झाली. मुलांच्या बाबतीत तिचे एक ठळक फळ म्हणजे बोस्टनच्या बालरुग्णालयात तयार होऊन २०१४ साली पुढे आलेली, आईबापांसाठीची सविस्तर प्रश्नावली. तिच्यात असे विचारतात: परिचारिकांनी तुमचे म्हणणे लक्ष देऊन ऐकले, असे किती वेळा घडले? तुम्हाला समजेल अशा शब्दांत सांगितले का? बोलावण्याचे बटण दाबल्यावर कोणी लवकर आले का? मुलाला दुखते का, हे वरचेवर विचारले का? त्याच्या वयाला साजेशी खेळणी, पुस्तके होती का? उपचारांत चूक झाली अशी शंका आली तर कोणाला सांगावे, हे तुम्हाला कोणी सांगितले होते का? उत्तरे चार: कधीच नाही, कधीकधी, बहुधा, नेहमी. हिशेब करताना जमेस धरतात ते बहुतेक ‘नेहमी’ हेच उत्तर. कडक वाटते खरे. पण दहा रात्रींपैकी नऊ रात्री कोणी आले आणि दहाव्या रात्री आले नाही, तर आईच्या लक्षात राहते ती दहावी रात्र, आणि तेच बरोबर आहे.

हॉलंडमध्ये अतिदक्षता विभागातील मुलांच्या आईबापांसाठी ‘एम्पॅथिक’ नावाची अशीच प्रश्नावली झाली. माहिती, उपचार, संस्थेची व्यवस्था, माणसांची वागणूक यांबरोबर तिच्यात एक पूर्ण भाग आहे तो आईबापांच्या सहभागाचा. म्हणजे निर्णय घेताना त्यांना विचारले का, ते मुलाजवळ राहू शकले का. आणि इंग्लंडमध्ये २०१४ साली राष्ट्रीय पाहणी झाली तेव्हा आठ वर्षांवरच्या मुलांना स्वतंत्र प्रश्न विचारले गेले. भेट नको म्हणून ज्यांना झोपेत पाहावे लागे, त्या मुलांच्या देशात आता मुलालाच विचारू लागले, की बाळ, तुला कसे वागविले?

या मापालाही मर्यादा आहेत. गोड बोलणारा डॉक्टर नेहमी कुशल असतोच असे नाही. कागद भरून पाठवितात ते बहुधा शिकलेले, सवड असलेले लोक. ज्यांना वॉर्डात सर्वांत कमी विचारले जाते त्यांचाच कागद परत येत नाही. आणि ज्यांचे मूल घरी परतलेच नाही, त्या आईबापांना हा कागद सहसा पाठविलाही जात नाही. ते उचित असेल. पण सर्वांत जास्त सांगण्यासारखे त्यांच्यापाशी असते, हेही तितकेच खरे. मापाची किंमत ओळखावी, पण त्यावर डोळे मिटून विसंबू नये.

आता आपल्या घरी परत येऊ. मुंबईत परळला मुलांचे वाडिया इस्पितळ १९२९ साली उघडले. म्हणजे मुलांच्या स्वतंत्र इस्पितळाची परंपरा आपल्याकडेही जुनी आहे. आणि आई तर आपल्या वॉर्डात पहिल्यापासूनच आहे. इंग्रजांना जे शंभर वर्षांनी कळले ते आपण आधीपासून जाणत होतो, असे म्हणून पाठ थोपटून घेण्याचा मोह होतो. पण जरा थांबावे. सामान्य इस्पितळात आईला ठेवून घेतात ते तिचा मान राखण्यासाठी की तिच्यावाचून चालत नाही म्हणून? परिचारिका थोड्या, खाटा फार. तेव्हा मुलाला भरविणे, पुसणे, सलाइनची बाटली संपली की धावत जाऊन सांगणे, चिठ्ठी घेऊन औषध आणणे, हे सारे आईकडे. ती राबते सर्वांत जास्त, आणि फेरीच्या वेळी मात्र तिला बाजूला सरकावयास सांगतात. तिला आत घेतले आहे, पण विचारलेले नाही.

आणि जेथे यंत्रे आली तेथे जुन्या लंडनची पाटीही आली. अपुऱ्या दिवसांच्या बाळांचा काचेचा कक्ष, आणि बाहेर बाकावर ओली बाळंतीण, हे दृश्य आपल्या शहरांत अनेकांनी पाहिले आहे. कारण तेच, संसर्गाचे. सुदैवाने याही बाबतीत पुरावा जमला आहे, आणि त्यात आपल्या देशाचा वाटा आहे. दिल्लीचे सफदरजंग इस्पितळ आणि आफ्रिकेतल्या चार देशांतील इस्पितळे यांत मिळून एक मोठा प्रयोग झाला. कमी वजनाचे बाळ जन्मताच, प्रकृती स्थिरावण्याची वाट न पाहता, आईच्या उराशी ठेवावयाचे, आणि त्यासाठी आईची खाट त्या कक्षातच मांडावयाची. २०२१ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले: अशा बाळांतील मृत्यूंचे प्रमाण नेहमीच्या रीतीपेक्षा २५ टक्क्यांनी कमी भरले. स्पेन्स आणि पिकरिल यांचे म्हणणे दिल्लीत पुन्हा एकदा खरे ठरले. त्याआधी २०१७ सालीच केंद्र सरकारने नवजात बाळांच्या कक्षात आईबापांना शुश्रूषेत सहभागी करून घेण्याची मार्गदर्शक तत्त्वे काढली; आणि २०१६ साली फोन व लघुसंदेशावरून रोग्यांचे मत विचारणारी ‘मेरा अस्पताल’ ही योजना सुरू झाली. कागद आपल्याकडेही चांगले निघतात. दार आणि कागद यांची गाठ घालणे, हे काम मात्र इंग्लंडात जसे आयांना करावे लागले, तसे येथेही कोणाला तरी करावे लागणार.

त्याला फार मोठ्या यंत्रणेची गरज आहे असे नाही. मूल बरे होऊन निघाले आहे. वळकटी बांधून झाली आहे. हातात कागदांची पिशवी घेऊन आई वॉर्डाच्या दारात उभी आहे. तिला ‘कसे वाटले आमचे इस्पितळ?’ असे विचाराल, तर ती हात जोडून म्हणेल, ‘फार उपकार झाले.’ ते उपकार खरे आहेत, ते स्वीकारावे. पण तेवढ्यावर वही मिटू नये. तिला क्षणभर बसवून घ्यावे, पाणी द्यावे, आणि विचारावे: ‘बाई, रात्री बाळ रडले तेव्हा कोणी आले का? किती वेळाने आले? काय झाले आहे ते तुम्हाला समजेल असे कोणी सांगितले का? आणि तुम्हाला काही विचारावेसे वाटले, पण विचारले नाही, असे झाले का?’

शेवटच्या प्रश्नाला ती जरा वेळ गप्प राहील. तेव्हा घाई करू नये. थांबावे, आणि ती जे सांगेल ते लिहून घ्यावे.